आबांचा डावा हात

पूर्णिमाने पेजेचा चमचा पुढे केला, तेव्हा हिंदुरावांचा, म्हणजे तिच्या आबांचा, डावा हात गादीवरून उठला आणि तिच्या कानशिलाला घासून खांद्यावर आदळला. चमचा उडाला, पेज चादरीवर सांडली. तिने चमचा उचलला, ओढणीच्या टोकाने चादर पुसली आणि पुन्हा वाटी हातात घेतली.

"लागलं का गं?" तुळजाबाईंनी दारातूनच विचारलं.

"न्हाई, आई."

ते खोटं नव्हतं. खांदा दुखत होता, पण शेजारच्या घरात कुणी भांडत असावं तसा. ऐकू येत होतं, तिचा त्याच्याशी संबंध नव्हता. वर्षभर तिचं सगळ्याच बाबतीत असं झालं होतं. ऋषीशी घटस्फोट झाला तेव्हा लेक आता रडेल, मग रडेल, म्हणून तुळजाबाई रोज तिच्या आवडीच्या भाज्या करत राहिल्या. ती जेवली. भाज्या छान झाल्यात असंही म्हणाली. रडायचं मात्र राहून गेलं, आणि नंतर त्याची आठवणही कुणी काढली नाही.

हिंदुरावांनी तोंड मिटून घेतलं. हात पुन्हा उठला, या वेळी कॉटच्या लोखंडी कठड्यावर बसला. पूर्णिमाने वाटी झाकून ठेवली आणि ऑफिसची पर्स उचलली.

श्रावणात हिंदुरावांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजतं बरंचसं, पण किती समजतं ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे घरच्यांना जे दिसत होतं तेच त्यांनी फी घेऊन सांगितलं. शाबूत राहिला तो डावा हात, आणि त्या एका हाताने त्यांनी सगळं घर जेरीला आणलं. जो जवळ जाईल त्याला फटका. त्यांना सांभाळायला ब्युरोकडून आलेला माणूस आठवडाभरही टिकला नाही. त्याच्यानंतरच्याने पहिल्याच दिवशी चप्पल घातली. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी दारात उभी राहून व्यायाम सांगू लागली, आणि तो कुणी कुणाकडून करून घ्यायचा हा प्रश्न तसाच राहिला. चाकांच्या खुर्चीत बसवायला दोन माणसं लागायची, दोघांनाही मार बसायचा, त्यामुळे खुर्ची कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर घड्या केलेल्या गोधड्या आल्या.

शेवटी गेल्या आठवड्यात पूर्णिमाच्या थोरल्या भावाची, पृथ्वीराजची, बायको राजनंदिनी औषध द्यायला गेली आणि तो हात तिच्या पोटाला निसटता लागला. तिला सातवा महिना होता. दवाखान्यात जाऊन आले, सगळं ठीक निघालं. पण पृथ्वीराजने घरी परतताना गाडीतूनच मुळशीकडच्या एका केंद्राला फोन केला. अशा माणसांना ते ठेवून घेत असत. रविवारी सकाळी त्यांची गाडी यायची होती.

घरात कुणी हरकत घेतली नाही. पृथ्वीराज वाईट मुलगा नव्हता. बापाच्या अंगावर त्याने आवाज चढवल्याचं गल्लीत कुणाला आठवत नाही. तुळजाबाई एवढंच म्हणाल्या की तिथे माणसं असत्यात, बघत्यात. पूर्णिमाला विचारलं तेव्हा ती "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"मागे एक कारण होतं आणि ते तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. दवाखान्यातून घरी आणल्यावर आबांचा पहिला फटका तिलाच बसला होता. बाकीच्यांना ते मारत असतील आजारामुळे. आपल्याला मारतात ते नवरा सोडून परत आलो म्हणून, असं तिने मनाशी धरलं होतं, आणि ते तिला अन्यायाचंही वाटत नव्हतं.

एरवी आबा बोलणारे नव्हतेच. झटका यायच्या आधीही त्यांची वाचा गेल्यासारखीच होती, असं तुळजाबाई म्हणत. पोर्चमधल्या झोपाळ्यावर सकाळी बसायचे. कामाला, कॉलेजला, परीक्षेला, कुठेही निघालेला माणूस वाकून पाया पडायचा, आणि आबा त्याच्या पाठीवर हात ठेवायचे. ठेवायचे म्हणजे आपटायचेच. जन्मभर बैल हाताळलेला हात तो. पाठीला झिणझिण्या यायच्या. हे घरापुरतं नव्हतं. मागच्या इमारतीत खोल्या करून आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. बिहारची, आंध्रची पोरं. त्यांना मराठीतलं "पाणी कधी येणार" एवढंच यायचं. पण मुलाखतीला निघाली की तीही झोपाळ्यापाशी येऊन वाकायची आणि पाठ चोळत बसस्टॉपकडे पळायची.

यंदा दसऱ्याला लोक सोनं द्यायला आले तेव्हा तुळजाबाई कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. आपट्याचं पान हातात द्या, लांबून हात जोडा, पण पायाला हात लावू नका, असं त्यांनी एकेकाला बजावलं. निजल्या माणसाच्या पाया पडत नाहीत. पडतात ते मढ्याच्या. कॉटची पाठ वर उचलून ते टेकून बसलेत की, असं कुणीतरी म्हणून पाहिलं.

"पाय भुईला टेकल्याबिगर मानूस बसल्याला नसतो," तुळजाबाई म्हणाल्या. नवऱ्याच्या जिवाला जपणारी बाई ती. लोकांनी लांबून हात जोडले. हिंदुरावांचा डावा हात त्या दिवशी कठड्यावर इतका आपटला की मनगट सुजलं.

पूर्णिमाची कंपनी घराच्या गच्चीवरून दिसायची. चालत जाण्यासारखं अंतर, पण मधला रस्ता ओलांडणं म्हणजे हिंजवडीत सकाळच्या वेळी जिवावर उदार होणं. कंपनीच्या बसगाड्या एकमेकींच्या शेपट्यांना नाक लावून उभ्या असायच्या. ती त्यांच्या मधून वाट काढत जायची आणि दिवसभर चिंपांझी बघायची.

कामच ते होतं. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाने जंगलात कॅमेरे लावून चिंपांझींची चित्रफीत घेतली होती आणि त्यांचे हावभाव संगणकाला शिकवायचे होते. शिकवण्याआधी माणसाने ते ओळखून एकेकावर खूण करायची. कुणी केलं, कुणाकडे बघून केलं, कुठल्या हाताने केलं, आणि पुढे काय झालं. पहिल्या दिवशी सगळ्यांना एक नियम शिकवला होता: हावभावाचा अर्थ मनाने लावायचा नाही. तो प्राणी काय मिळाल्यावर थांबतो ते बघायचं. ज्यावर थांबला, ते त्याचं मागणं. हात पसरला आणि फळ मिळाल्यावर थांबला, तर फळ मागत होता. फळ मिळूनही हात पसरलेलाच असेल, तर फळ नको होतं; दुसरं काहीतरी हवं होतं.

पूर्णिमा या कामात चांगली होती. काही वाटत नसलेल्या माणसाला हे काम जमतं.

त्या शुक्रवारी मात्र नम्रताने तिची एक फीत परत पाठवली. नम्रता टीम लीड. नारायण पेठेतून रोज दोन तास बसमध्ये काढून यायची आणि त्या दोन तासांचं जे काही साचलेलं असायचं ते ऑफिसात कोरड्या आवाजात वाटायची.

"पूर्णिमा, या अण्णाने तुझं काय घोडं मारलंय?"

अण्णा म्हणजे कळपातला एक म्हातारा नर. एके काळी तोच कळपाचा मुख्य होता. त्याला क्रमांक होता, पण टीमने नाव ठेवलं होतं. पूर्णिमाने त्याच्या प्रत्येक हालचालीपुढे हल्ला अशी खूण केली होती.

"तो मारतोय सगळ्यांना. दिसतंय ना."

"तुझ्या म्हणण्याप्रमाणे तो दुपारभर हाणामारी करतोय. मग ही एवढी मंडळी त्याच्या आसपास बसलीत कशाला? प्रसाद घ्यायला?" नम्रताने खुर्ची ओढली आणि फीत पहिल्यापासून लावली.

अण्णा झाडाच्या बुंध्याशी बसला होता. एक तरुण नर ताठ मानेने त्याच्या समोरून गेला. अण्णाचा हात पुढे झाला, त्याच्या कुल्ल्यावर फटका बसला, तो उडी मारून लांब पळाला. अण्णाने जमिनीवर हात आपटला. परत आपटला. आणखी एक जण आला, त्यालाही तेच. मग एक मादी आली. ती लांबूनच खाली वाकली, धापा टाकाव्या तसे हलके हुंकार काढत अण्णासमोर आली आणि पाठ त्याच्याकडे करून थांबली. अण्णाचा तोच हात तिच्या पाठीवर पडला आणि तिथेच राहिला. नंतर बराच वेळ त्याने कुणाला मारलं नाही.

"कशावर थांबला?" नम्रताने विचारलं.

"पाठ मिळाल्यावर."

"मग मारत होता का?"

"नाही."

"मुख्य होता तेव्हा सगळे वाकायचे. आता फक्त म्हाताऱ्या बायका वाकतात. तरुण पोरांना वेळ नाही. घरोघरी मातीच्या चुली." नम्रता उठली. "खुणा बदल आणि जेवायला चल. आज माझ्याकडे अळूची भाजी आहे, आणि कुणी नाक मुरडलं तर मी पण हल्ला करणार आहे."

पूर्णिमाने खुणा बदलल्या. अळूची भाजी खाल्ली. दुपारी पुढची फीत लावली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसंच झालं होतं, पण वळसा घालणाऱ्याला कळसा कधी दिसतो?

शनिवारी संध्याकाळी ती आबांची बॅग भरायला बसली. राजनंदिनी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती आणि तुळजाबाईंना हे काम करवेना. त्या स्वयंपाकघरात कोथिंबिरीची जुडी घेऊन बसल्या होत्या, निवडून झालेली कोथिंबीर पुन्हा निवडत. पूर्णिमाने लेंगे ठेवले, बंड्या ठेवल्या, दाढीचं सामान, स्वेटर. तिथे टेकडीवर थंडी असेल म्हणून कानटोपी ठेवली. हिंदुराव बघत होते. हात कठड्यावर पडत होता. उठत होता, पडत होता. ती हाताच्या टप्प्याबाहेर राहून घड्या घालत होती.

धुतलेल्या चादरींचं गाठोडं कॉटखाली होतं. ते ओढायला ती गुडघ्यांवर बसली आणि वाकली. गाठोडं मागे भिंतीपर्यंत सरकलं होतं, म्हणून तिला आणखी वाकावं लागलं, आणि त्या नादात ती टप्प्यात आली.

हात तिच्या पाठीवर आदळला.

ती आहे तशी राहिली. दुसरा फटका बसेल म्हणून तिने अंग आवळून धरलं. दुसरा बसलाच नाही. हात पाठीवरच होता, जड. बोटं हळूहळू पसरली. कॉटखालच्या धुळीत तिचा श्वास तिलाच ऐकू येत होता, आणि वर कठडा गप्प होता. सहा महिन्यांत त्या खोलीत अशी शांतता कधी झाली नव्हती.

ती उठली. हात हवेत राहिला आणि मग कठड्यावर पडला, ठण्ण, ठण्ण. ती पुन्हा वाकली. हात पुन्हा पाठीवर आला आणि थांबला. तिने परत उठून बघितलं, परत वाकून बघितलं. कामाची सवय होती ती. एकदा झालं तर योगायोग म्हणायचा, असं नम्रता शिकवायची. योगायोग नव्हता.

मग ती कॉटला धरून जमिनीवरच बसली. आपण माघारी आलो तो दिवस तिला आठवला. दोन बॅगा घेऊन ती रिक्षातून उतरली होती. आबा झोपाळ्यावर होते. झोपाळ्याच्या कडीवरचा त्यांचा हात सुटला आणि वर उठला, हे तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं. मारायला उठला असं समजून ती खाली मान घालून भराभर आत निघून गेली होती. पाया पडली नव्हती. माहेरी आलेली लेक उंबऱ्यात पाया पडते. पण ती माहेरपणाला थोडीच आली होती, ती परत आली होती, आणि परत आलेलीने काय करायचं असतं ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. आबांनी हात उचलला होता तो ठेवायला. ठेवायला जागा मिळाली नाही म्हणून तो परत कडीवर गेला. त्यानंतरच्या पंधरवड्यात झटका आला.

हे सगळं तिला स्वच्छ कळलं. कळून तिला काही वाटायला हवं होतं. तिने वाट पाहिली, काही वाटलं नाही, तेव्हा ती उठून पृथ्वीराजला शोधायला गेली.

पृथ्वीराज मागच्या अंगणात टँकरचा पाइप टाकीत सोडत उभा होता. तिने त्याला सांगितलं, दसऱ्यापासूनचं सगळं जोडून. आबा मारत नाहीत. पाठ शोधतायत. आपण सगळे समोरून तोंड घेऊन जातो, घास घेऊन, गोळी घेऊन. हातात अंदाज राहिलेला नाही, म्हणून तो कुठेही लागतो. वाकलं की थांबतो. तिने अण्णाचंही सांगितलं, आणि तिथे ती चुकली.

पृथ्वीराजने पाइप नीट बसवला, हात पुसले.

"पूर्णे, दिवसभर तू माकडं बघतीस. ती तितंच ठेव. आबा मानूस हाय."

"मानूस हाय म्हनूनच सांगती, दादा."

"राजीला काय झालं असतं म्हंजे? तवा तू येनार हुतीस का सांगायला, की मारत न्हाईत म्हनून?" त्याचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "ॲडव्हान्स बुकिंग झालंय. उद्या सकाळी गाडी येतीय. आता काय नको काढू."

ती वळली. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात तुळजाबाई कोथिंबिरीच्या काड्या ओंजळीत घेऊन उभ्या होत्या, आणि त्या किती वेळ उभ्या होत्या ते सांगता येत नव्हतं.

"पाठीवर ठिवला व्हय?" त्यांनी विचारलं.

"हां."

"आन् मंग?"

"मग काय न्हाई. ठेवूनच बसले. मी उठस्तोवर."

तुळजाबाईंनी काड्या कुंडीत टाकल्या. हात झटकले. आत जाता जाता थांबल्या.

"निजल्या मानसाच्या पाया पडू द्येनार न्हाई मी. सांगून ठिवते," त्या म्हणाल्या. पण नेहमीसारखं ठासून म्हणाल्या नाहीत.

रविवारी गाडी वेळेवर आली. पुण्यात वेळेवर येणारी गाडी ही अशीच असते, जिची कुणी वाट बघत नाही. बरोबर दोन माणसं होती, पांढऱ्या शर्टातली, सभ्य, हाताला सवय असलेली. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची काढली, तिच्यावरच्या गोधड्या बाजूला ठेवल्या आणि हिंदुरावांना काखेत धरून उचललं. एकाच्या मानेवर हात बसला. तो हसला, पहिला नव्हता तो त्याच्या आयुष्यातला. खुर्चीत बसवल्यावर त्याने खिशातून कापडाची रुंद पट्टी काढली आणि हिंदुरावांचं डावं मनगट खुर्चीच्या दांड्याला बांधून टाकलं. दोन वेढे, वर गाठ.

"हे कशाला?" पूर्णिमाने विचारलं.

"मारतात ना आजोबा. लिहून दिलंय तुमच्याच घरच्यांनी." त्याने गाठीखाली बोट घालून बघितलं, फार आवळली नाही ना म्हणून. "लागत नाही त्यांना ताई, मऊ असते. तिकडंही असंच ठेवतो दिवसा. पेशंटच्याच भल्याचं असतं."

पृथ्वीराजने पट्टीकडे बघितलं आणि मग गाडीकडे बघितलं. बॅग गाडीत गेली. खुर्ची ढकलत पोर्चपर्यंत आणली, झोपाळ्याच्या बाजूने. झोपाळ्यावर कुणीतरी वाळत घातलेला टॉवेल होता. राजनंदिनी दारात उभी राहिली, एक हात पोटावर.

"थांबा जरा," तुळजाबाई म्हणाल्या.

त्या आतून हिंदुरावांची टोपी घेऊन आल्या. ती त्यांच्या डोक्यावर बसवली, किंचित तिरकी झाली ती सरळ केली. दुसऱ्या हातात त्यांच्या कोल्हापुरी चपला होत्या. श्रावणापासून दाराआड पडलेल्या, पण कुणीतरी नुकत्याच पुसलेल्या. त्या खाली बसल्या. खुर्चीचे पाय ठेवायचे पत्रे त्यांनी उलगडून बाजूला केले, नवऱ्याचे दोन्ही पाय एकेक करून उचलले, चपलांत घातले आणि फरशीवर टेकवले. उजवा पाय लुळा होता, तो घसरत होता. त्यांनी तो पुन्हा नीट टेकवला आणि हाताने दाबून धरला.

"पृथ्वीराज," त्या वर न बघता म्हणाल्या, "मानूस गावाला निघालं की पाया पडत्यात. इसारलास व्हय?"

पृथ्वीराज पुढे झाला. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती, ती त्याने खिशात टाकली. तो वाकला, बापाच्या पायांना हात लावला आणि तसाच थांबला. लहानपणापासून तो असाच थांबायचा. पाठीवर हात पडेपर्यंत उठायचं नाही, हे त्या घरात कुणी सांगावं लागत नसे. पाठीलाच ते ठाऊक होतं.

हात पडला नाही.

खुर्ची हलली. दांडा खडखडला. हिंदुरावांचं मनगट पट्टीत वर आलं, अडलं, परत वर आलं. बोटं ताणून उघडली होती. तोंडातून घोगरा, ओला आवाज येत होता, ना शब्दाचा ना रडण्याचा. वाकलेल्या मुलाची पाठ वितीवर होती.

पृथ्वीराज उठत नव्हता. तो वाट बघत होता. त्याला वर काय चाललंय ते दिसत नव्हतं, फक्त खडखड ऐकू येत होती, आणि हळूहळू त्याचे खांदे आवळत गेले.

गाडीबरोबरचा माणूस मदत करावी म्हणून पुढे आला आणि खुर्ची मागे घेऊ लागला. पूर्णिमाने त्याच्या हातावर हात ठेवून ती थांबवली. मग ती खुर्चीशेजारी बसली आणि गाठ सोडू लागली. गाठ पक्की होती, नखं लागत नव्हती. तिने दात लावले. पट्टीला औषधाची आणि कुणाकुणाच्या घामाची चव होती. पहिला वेढा निघाला, दुसरा निघाला.

हात सुटला आणि पृथ्वीराजच्या पाठीवर असा आदळला की राजनंदिनी दारात दचकली. बैलाच्या पाठीवर पडावा तसा. आणि तिथेच राहिला. दांडा थांबला. तो घोगरा आवाजही थांबला. हिंदुराव समोर रस्त्याकडे बघत होते, जिथून रविवारची एक रिकामी कंपनीची बस चालली होती, आणि त्यांचा अंगठा मुलाच्या शर्टावर इंचभर मागेपुढे होत होता.

"साहेब, निघायचं ना?" ड्रायव्हरने फाटकातून विचारलं. "पुढं आणखी एक पेशंट घ्यायचाय."

"थांबा," पृथ्वीराज खालूनच म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

तुळजाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. गाडीपाशी गेल्या, मागच्या दारातली बॅग ओढून काढली आणि अंगाला टेकवून घराकडे न्यायला लागल्या. पांढऱ्या शर्टातला माणूस घ्यायला पुढे झाला, तर त्यांनी दिली नाही.

"च्या टाकते," त्या म्हणाल्या. "साखर चालती न्हवं दोघास्नी? पिऊन जावा. लांबनं आलाय."

पूर्णिमा उठली. पट्टी तिच्या हातातच होती, ती तिने झोपाळ्यावर टाकली. मग ती पृथ्वीराजच्या मागे जाऊन उभी राहिली, परीक्षेच्या दिवशी कंपासपेटी घेऊन उभी राहायची तशी. दादा मोठा म्हणून त्याचा नंबर आधी. तिने ओढणी सारखी केली. खांदा दुखत होता. परवाचा फटका तो, पेजेच्या वेळचा; आत्ता कुठे तो तिला लागला होता, आणि चांगलाच लागला होता. डोळे पुसून काही उपयोग नव्हता, ते परत भरत होते. तिने ते तसेच राहू दिले. दादा अजून वाकलेला होता, आणि त्याच्यानंतर तिची पाळी होती.